प्रयोगशाळेला निघालेली मुलगी

"हो गं आई, प्रयोगशाळेतच निघालेय. आज सर स्वतः येणार आहेत माझं काम बघायला... हो, खाल्लं. नाही गं, बारीक नाही झाले, फोनवर तशी दिसते."

बसच्या पहिल्या बाकावर, अगदी ड्रायव्हरच्या पाठीमागे बसून छकू हे बोलत होती. चांगलं मोठ्यानं, बिनधास्त. एवढ्या लांबच्या परदेशात मराठी कळणारं कोण भेटायला बसलंय! बाहेर भुरभुर पाऊस होता, काचा धुरकटल्या होत्या आणि आईशी खोटं बोलताना नजर कुठं ठेवायची हा प्रश्न त्या धुरकट काचेनं सोडवला होता.

शेवटचा स्टॉप आला. सगळे उतरले. छकूनं फोन पर्समध्ये टाकला, छत्री घेतली, आणि इतक्यात ड्रायव्हरनं इंजिन बंद करून समोरच्या आरशात बघत स्वच्छ मराठीत विचारलं,

"विद्यापीठ सहा स्टॉप मागं राहिलं, मॅडम. सरांना थांबायला सांगू का?"

छकूच्या हातून छत्री खाली पडली.

"तुम्ही... मराठी?"

"जन्मापासून."

"आणि दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकता?"

"चोरून कशाला? कानात पडतं. रोज साडेआठला." तो वळून बसला. सावळा, तिच्याच वयाचा, हसला की डोळे बारीक होणारा. "मागच्या मंगळवारी तुमच्या यंत्राचा स्फोट होता होता राहिला ना? मला दिवसभर काळजी लागून राहिली होती हो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतं. पण बसची जमीन पत्र्याची, ती कशाला दुभंगते! छकूनं छत्री उचलली आणि भर पावसात ती न उघडताच पळत सुटली.

पळून गेली कुठं, तर समोरच्याच गल्लीतल्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात. तिथं ती आठ महिने कामाला होती. पँट आखूड करणं, कोटांची अस्तरं बदलणं, तुटक्या चेन काढून नव्या बसवणं. मालकीणबाई साठीच्या, तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं कमी. छकूचं काम बघून त्या नुसती मान हलवायच्या, आणि ती मान हलली की छकूला बरं वाटायचं... आणि बरं वाटल्याचीच पुन्हा लाज वाटायची.

कारण घरी आईनं ब्लाउज शिवून शिवून तिचं शिक्षण केलं होतं. मशीनला कधी हात लावू दिला नाही. "हा धंदा माझ्यापाशी संपला पाहिजे," आई म्हणायची. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले, शब्दांवर कोट्या करण्यात पटाईत. लेक रसायनशास्त्रात संशोधन करायला परदेशी गेली, तर त्यांनी आधीच दारावर पितळी पाटी करून लावली होती, तिच्या नावामागं 'डॉ.' घालून! म्हणे, पुढं पितळ महागलं तर?

आणि इकडं लेक संशोधनाच्या पात्रता परीक्षेत एकदा नाही, दोनदा आपटली. मार्गदर्शक बाई फार गोड बोलल्या. गोड बोलून घालवलेलं माणूस जास्त घायाळ होतं. त्या दिवशी घरी फोन करायला हात गेला, तर पलीकडून बाबाच म्हणाले, "काय डॉक्टर!" झालं. सांगायचं राहून गेलं. एक दिवस राहिलं, मग आठवडा राहिला. खोट्याचं असंच असतं, पहिल्या दिवशी ते पाहुणं असतं, महिन्याभरात घरचं होऊन बसतं. आता राहायच्या परवान्याची मुदत दोन महिन्यांत संपणार होती. घरी परत जायचं होतं, आणि कुठल्या तोंडानं जायचं तेवढंच ठरत नव्हतं.

त्या प्रसंगानंतर तीन दिवस छकू दुकानात चालत गेली. चौथ्या दिवशी टाचेला फोड आला, आणि पाचव्या दिवशी ती खाली मान घालून त्याच बसमध्ये चढली.

"या, प्रयोगशाळा," तो पुढं बघतच म्हणाला. "जागा राखून ठेवलीय."

"माझं नाव प्रयोगशाळा नाही."

"मग सांगा ना खरं."

"ड्रायव्हरशी बोलू नये, असं तिथं लिहिलंय."

"ते गाडी चालू असताना. शेवटच्या स्टॉपवर माझी बारा मिनिटं असतात... मोकळी."

ती बारा मिनिटं हळूहळू दोघांची झाली. त्याच्या थर्मासातला चहा, झाकणात तिला आणि थेट थर्मासातून त्याला. एकदा तो दुकानातच येऊन उभा राहिला, हातात गणवेशाची नवी पँट. दोन इंच लांब.

छकू गुडघ्यावर बसून टाचण्या लावू लागली. "हलू नका. टोचेल."

"टोचलीच आहे."

"कुठं?"

"सांगितलं तर तुम्ही काढाल... राहू दे."

तिच्या हातातला खडू पँटवर भलतीकडेच रेघ ओढून गेला. मालकीणबाईंना भाषा कळत नव्हती, पण टाचण्या तोंडात धरून त्या ज्या तऱ्हेनं खोकल्या, त्यावरून बाकी सगळं कळत असावं.

त्याच आठवड्यात तिनं त्याला सगळं सांगितलं. परीक्षा, पाटी, आईचा धंदा. सांगताना तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तो थट्टा करील असं तिला वाटलं होतं. त्यानं केली नाही.

"मीपण इंजिनिअरिंगला दोन वर्षं आपटलो," तो म्हणाला. "मग ताई-भावजींनी इकडं बोलावलं. मला मोठ्या गाड्यांचं वेड, लायसन काढलं."

"घरी काय सांगितलंत?"

"आपटलो असंच."

"मग?"

"मग काय? बाबा आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी जेवताना म्हणाले, मीठ दे."

छकू हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्यानं खिशातून रुमाल काढला, स्वच्छ आहे का ते उलटसुलट बघितलं आणि नसावा बहुतेक, कारण पुन्हा खिशात ठेवला.

"सांगून टाक," तो म्हणाला. त्याच्या 'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"उद्या सांगते."

उद्या काही उजाडला नाही. त्याऐवजी काकू उजाडल्या.

काकू म्हणजे शेजारच्या. त्यांचा मुलगा जवळच्याच शहरात नोकरीला, त्याच्याकडे महिनाभर आलेल्या. आईनं त्यांच्याबरोबर खाऊचा डबा पाठवला होता. "बाबा म्हणाले, पोरीचं विद्यापीठ बघूनच या," काकू स्टेशनवर उतरल्या उतरल्या म्हणाल्या. आज सुट्टी आहे, आत सोडत नाहीत, बाहेरूनच दाखवते, असं सांगून तिनं काकूंना घेऊन बस पकडली. घाईत नंबर बघितला, ड्रायव्हर बघितला नाही.

"अरे वा!" तो मोकळेपणानं हसला. "प्रयोगशाळा आज पाहुणे घेऊन? नमस्कार करतो, काकू."

काकूंचा चेहरा फुलला. "अगंबाई, आपला मुलगा! तुमची ओळख आहे का गं?"

छकूच्या डोळ्यांपुढून सगळं भर्रकन गेलं. काकू विचारणार, कुठं ओळख झाली? कुठं उतरतेस रोज? प्रयोगशाळा का म्हणतो? एक धागा ओढला की सगळी शिवण उसवणार...

"नाही हो काकू," ती म्हणाली. "ड्रायव्हर आहे. आपल्या भाषेचं कुणी दिसलं की असे लोक उगाच सलगी करतात. चला, मागं बसू."

आरशात त्याचे डोळे क्षणभर तिच्यावर थांबले, मग रस्त्याकडे वळले. विद्यापीठाचा स्टॉप आला तेव्हा त्यानं माइकवर तिथल्या भाषेत स्टॉपचं नाव पुकारलं, सगळ्यांसाठी पुकारतात तसं.

काकू इमारत बघून खूश झाल्या, फोटो काढले. खोटं पचलं. आणि पचलं म्हणूनच छकूला मळमळू लागलं. आजवर लाज वाटत होती ती नापास झाल्याची. आज पहिल्यांदा तिला स्वतःचीच लाज वाटली. नापास होणं अंगावर येऊन पडलं होतं. हे तर तिनं आपल्या तोंडानं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेआठच्या बसवर दुसराच ड्रायव्हर होता. तिसऱ्या दिवशीही. त्यानं दुपारची पाळी मागून घेतली होती.

पँट तयार होऊन दुकानात पडली होती. शेवटी तीच कागदात गुंडाळून छकू बस डेपोच्या कँटीनमध्ये गेली. चार-पाच ड्रायव्हर बसले होते, त्यांत तो. तिला बघून उठला, बाहेर आला.

"तुमची पँट," ती म्हणाली.

"आभारी आहे. उगाच त्रास घेतलात."

'घेतलात' ऐकून तिला थप्पड बसल्यासारखं झालं. "माझं चुकलं. मी घाबरले. माझ्या तोंडून..."

"काय चुकलं? ड्रायव्हरला ड्रायव्हर म्हणालात. आहेच मी, मला त्याचं काही नाही." त्यानं कागदाची घडी उगाच नीट केली. "मी आरशात बघत होतो तेव्हा. तुमचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. इतकं सफाईनं! तेव्हा वाटलं, मला जे सांगितलंत... त्यातलं तरी किती खरं होतं?"

"ते सगळं खरं होतं."

"असेल," तो म्हणाला. "माझी गाडी निघते."

छकू दुकानात परत आली ती रडली नाही, काही नाही. मालकीणबाईंना खुणेनंच विचारून तिनं मशीनपुढं फोन उभा केला आणि घरी लावला, सगळं दुकान दिसेल असा. गळ्यात मोजपट्टी, कॉलरला टाचण्या, मांडीवर कुणाचा तरी अर्धा उसवलेला कोट. काहीच लपवलं नाही.

"हे कुठं बसलीयस गं?" आई फोनच्या अगदी जवळ आली. "प्रयोगशाळा आहे ही?"

"दुकान आहे, आई. कपडे दुरुस्तीचं. मी इथं काम करते, आठ महिने झाले. मी पास नाही झाले. दोनदा बसले, दोनदा नापास. बाबांनाही बोलव... नाही, नको... बोलवच."

बाबा आईच्या मागं उभेच होते. सगळं ऐकलं त्यांनी. मग ते चौकटीतून बाहेर निघून गेले. मागची रिकामी भिंत तेवढी दिसत राहिली. छकूला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आईनं डोळे पुसले, नाक ओढलं. आणि म्हणाली, "तो कोट जरा वर धर. अस्तर हातानं लावतेस का मशीननं?"

"हातानं."

"टाके दाखव." आईनं निरखून पाहिलं. "कुणी शिकवलं तुला? मी तर कधी..."

"बघून बघून. लहानपणी अभ्यासाचं पुस्तक समोर धरून मी तुझ्या हाताकडेच बघत बसायचे, आई."

तेव्हा मात्र दोघीही रडल्या. मालकीणबाईंनी गिऱ्हाइकाला हातानंच दारात थोपवून धरलं.

बाबांचा फोन दोन दिवसांनी आला. आवाज बसलेला होता. "आठ महिने एकटीनं गिळलंस. आम्ही काय इतके वाईट होतो का गं?" थोड्या वेळानं तेच म्हणाले, "पाटीवरचं 'डॉ.' कानशीनं घासून काढलंय. नाव ठेवलंय. नाव ठेवलंय, नावं नाही ठेवलेली, कळलं का?" आणि स्वतःच्याच कोटीवर हसायला गेले ते त्यांना नीट जमलं नाही.

उरल्या काकू. त्यांना छकूनं स्वतःहून फोन केला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला त्याच दिवशी शंका आली होती. तुझ्या बोटांना सुईचे टोचे. चाळीस वर्षं तुझ्या आईची बोटं बघतेय मी. बोलले नाही कुणाला, म्हटलं तुझं तू सांगशील. पण त्या पोराला बोललीस ते मला आवडलं नाही हं. तो शेवटपर्यंत आरशातून बघत होता, आपण नीट उतरतोय ना ते."

दुसऱ्या दिवसापासून छकू दुपारच्या बसनं जाऊ लागली. मालकीणबाईंना सांगून कामाची वेळच बदलून घेतली. पहिल्या बाकावर बसायची, शेवटच्या स्टॉपला उतरायची. एक शब्द नाही. क्षमा मागून झाली होती. पुन्हा पुन्हा मागणं म्हणजे भीक मागणं. तोही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पुढं कुठलंसं झाड पडलं होतं, गाड्यांची रांग लागली, बस जागच्या जागी उभी. पाऊस काचेवर उतरत होता आणि वायपर तो बाजूला सारत होता.

"आज फोन नाही?" समोर बघत तो म्हणाला.

"काल झाला. दुकानातून. आईला तुरपाई दाखवत होते."

वायपर चार-पाच वेळा इकडून तिकडं गेला.

"आईला?"

"हो."

"सगळं?"

"सगळं. काकूंनापण. त्यांना तुमच्याबद्दलही सांगितलं."

"काय?"

"की मी ओळखत होते. आणि ओळखत नाही म्हणाले."

त्यानं समोरची काच उगाच हातानं पुसली. मग, "बाबा?"

"दोन दिवस बोलले नाहीत."

"दोनच?" आरशात त्याचे डोळे बारीक झाले. "नशीबवान आहेस."

आहेस! छकूनं तोंड खिडकीकडे फिरवलं. मागच्या बाकावरच्या आजीबाईंनी तिला हातरुमाल पुढं केला.

मग दिवस कसे गेले, कळलं नाही. पुस्तकं वाचनालयाला देऊन झाली, खोली आवरून झाली, बॅग दोनदा भरली नि दोनदा उपसली. आईनं ठरवून टाकलं होतं, समोरच्या खोलीत दुसरं मशीन ठेवायचं. कोट, सूट, अस्तरं लेक करील, आपल्याला ते जमत नाही. मालकीणबाईंनी निरोपाला आपली वापरातली मोठी कात्री दिली आणि पहिल्यांदाच टाचण्या काढून ठेवून तिला जवळ घेतलं. छकूला अजूनही रस्त्यात कुणी विद्यापीठाचं दिसलं की मान खाली जायची. घरी गेल्यावर गल्लीतून चालताना काय होईल, हा विचार टाके घालतानाही सुटायचा नाही. लाज एका फोननं जात नाही. पण आता छकू त्या लाजेच्या मागं लपत नव्हती, एवढं खरं.

निघायच्या दिवशी विमानतळावर बॅग देऊन ती बाकावर बसली, तर शेजारी कुणीतरी येऊन बसलं. साध्या शर्टात, केस विंचरून. तिनं आखूड केलेली पँट.

"तुमची ड्युटी?"

"रजा टाकली." तो जरा अवघडून बसला होता. "तुझ्या लक्षात आलंय का, आपण कधी शेजारी शेजारी बसलोच नाही. मला कायम आरशात बघावं लागायचं. आरशात सगळं उलट दिसतं."

"मग सरळ कशी दिसते?"

त्यानं बघितलं. फार वेळ बघितलं.

"बारीक झालीयस," तो म्हणाला.

ती हसली, आणि हसताना तिच्या लक्षात आलं की आता नाही बोलले तर हेही राहून जाईल, आणि राहिलेल्याचं काय होतं ते तिनं पुरतं भोगलं होतं. "ऐका. मी नापास झालेली आहे. नोकरी नाही. घरी जाऊन आईच्या हाताखाली शिवणार आहे. आणि मला तुम्ही आवडता. हे सगळं खरं आहे. माझा चेहरा हलतोय का बघा."

"हलतोय," तो हळूच म्हणाला. "थरथरतोय." आणि तिचा हात हातात घेऊन त्यानं तिच्या बोटांवरचे सुईचे टोचे एकेक करून अंगठ्यानं चाचपले. "माझं इथलं करारपत्र पुढच्या वर्षी संपतं. मग मी येतो. गाड्या तिकडंही असतात. थांबशील?"

"थांबेन."

"विचार करून सांग."

"बारा मिनिटं देता?"

तेवढ्यात फोन वाजला. आई. "पोचलीस का गं? सामान दिलंस? खाल्लंस का काही?"

"हो आई, सगळं झालं. आता—"

"मी आहे म्हणून सांग," तो कुजबुजला, पण कुजबुज त्याला कधी जमलीच नाही, माइकवर बोलायची सवय.

"कोण आहे गं शेजारी?" आईनं विचारलं.

छकूनं तोंड उघडलं. 'कुणी नाही' हे दोन शब्द जिभेच्या टोकाशी आले, सवयीनं आले, आणि तिनं ते तसेच गिळले. गाल तापले, मान आपोआप खाली गेली. बोलायला मात्र काही सुचेना.

पलीकडं आई थोडी थांबली. मग आवाजातलं हसू लपवत म्हणाली,

"गप्प का झालीस? लाज वाटतेय... का लाजतेयस?"

छकूनं शेजारी बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"लाजतेय, आई," ती म्हणाली.